खुराड्यांतील दांडी

कोंबडी किती अंडीं घालते, तिला दाणा किती लागतो, ती खुडूक केव्हां बसते, याची चौकशी घरोघर होत असते. परंतु तीच कोंबडी रात्रीचे दहा-बारा तास कशावर बसून काढते, हें विचारणारा मनुष्य क्वचितच भेटतो. दिवस मावळला कीं कोंबड्या खुराड्यांत शिरतात, आपण दाराला कडी घालतों आणि सकाळीं ती काढतों. मधल्या वेळेशीं आपला जणूं कांहीं संबंधच नाहीं. वास्तविक पाहतां कोंबडीच्या आयुष्याचा जवळजवळ अर्धा भाग त्या अंधारांत जातो, आणि तिच्या पायांचें, छातीच्या हाडाचें, श्वासाचें व रक्ताचें बरेंवाईट पुष्कळ अंशीं त्याच वेळांत ठरतें. आपल्या शाळेंत येणाऱ्या मुलामुलींपैकीं अनेकांच्या परसांत चार-दहा कोंबड्या असतात, व त्यांच्या अंड्यांवर घरांतील कांहीं ना कांहीं खर्च भागतो. म्हणून खुराड्यांतील दांडी कशी असावी, आणि मुख्यतः ती अशी कशी बसवावी कीं शाळेंत जाणाऱ्या मुलालाहि तिची स्वच्छता रोज सकाळीं पांच मिनिटांत करतां यावी, याविषयीं येथें थोडें सविस्तर लिहिण्याचें योजिलें आहे.

कोंबडीला उंचावर बसावेंसें कां वाटतें, हें समजण्यास तिच्या मूळ कुळाकडे पाहिलें पाहिजे. पाळीव कोंबडी ही मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याची संतति होय, असें डार्विनचें मत होतें, आणि अलीकडील अनुवंशशास्त्रानेंहि तें उचलून धरलें आहे. तिला माणसाळविण्यास नैऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या टापूंत आरंभ झाला असावा, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत दाखविलें आहे. आपल्या सह्याद्रीच्या रानांत पहाटे जो करड्या रंगाचा रानकोंबडा आरवतो, तो तिचा दुसरा नातलग. पुष्कळ कोंबड्यांच्या कातडीला व पायांना जी पिवळी झांक असते, ती या करड्या कोंबड्याकडून आली, असें २००८ सालीं आढळून आलें. हे दोघेहि दिवसभर जमिनीवरचा पाला उकरीत हिंडतात. परंतु रात्र पडली कीं झाडाच्या किंवा बांबूच्या बेटाच्या फांदीवर चढून बसतात, कारण रात्रीं जमिनीवर कोल्हा, रानमांजर आणि साप यांचें राज्य असतें. हजारों वर्षें माणसाच्या अंगणांत राहूनहि कोंबडीची ही भीति गेलेली नाहीं. तिला अंधारांत फार कमी दिसतें. म्हणून काळोख पडण्यापूर्वीं उंच जागा गांठण्यासाठीं तिची धडपड चालते. चांगली दांडी मिळाली नाहीं, तर ती दारावर, गोठ्याच्या वाशावर किंवा अंडीं घालण्याच्या खोक्याच्या कडेवर बसते; आणि तेंहि न मिळालें, तर कोपऱ्यांत एकमेकींवर दाटी करून स्वतःच्या घाणींत रात्र काढते. डालग्याखालीं झांकून ठेवलेल्या कोंबड्यांचें हेंच होतें. पिलें असलेल्या कोंबडीला डालगें ठीक आहे; मोठ्या कोंबड्यांना तें कायमचें घर म्हणून देऊं नये.

झोपलेली कोंबडी दांडीवरून पडत कां नाहीं, असा प्रश्न आठवीच्या एका विद्यार्थिनीनें मध्यंतरीं वर्गांत विचारला. प्रश्न चांगला होता, व त्याचा आपल्या विषयाशीं निकट संबंध आहे. इटलींतील बोरेली नांवाच्या शास्त्रज्ञाचा प्राण्यांच्या हालचालींवरील ग्रंथ १६८० सालीं प्रसिद्ध होऊं लागला. त्यांत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, पक्षी खालीं बसला व त्याचा पाय दुमडला म्हणजे पायामागून बोटांपर्यंत गेलेल्या दोऱ्यांसारख्या शिरा ताणल्या जातात आणि बोटें आपोआप मिटतात. ही गोष्ट कोणालाहि पाहतां येईल. स्वयंपाकाकरितां आणलेल्या कोंबडीचा संबंध पाय दुमडून पाहिल्यास बोटें आंत वळतात. तथापि २०१२ सालीं साळुंकीच्या कुळांतील एका युरोपीय पक्ष्यावर झालेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, झोपेंत तो पक्षी बोटांच्या पकडीवर विसंबून राहत नाहीं. तो तळव्यावर तोल सांभाळून बसतो. तेव्हां पोपटाच्या पिंजऱ्यांत असते तशी बारीक गोल काठी मिळाली तरच कोंबडीला घट्ट धरून झोपतां येईल, ही समजूत सोडून द्यावी. कोंबडी ही जड, जमिनीवर चालणारी पक्षीण आहे. तिला मुठींत मावेल अशा काठीपेक्षां पाय टेकतां येईल अशी बैठक अधिक मानवते.

ही बैठक किती रुंद असावी? कोंबडी बसते तेव्हां तिच्या अंगाचें ओझें दोन तळव्यांवर व छातीच्या मधल्या उभ्या हाडावर पडतें. हें हाड होडीच्या तळाच्या कण्याप्रमाणें पुढें आलेलें असतें. तलंगांचें तें अजून कोंवळें असतें, आणि त्याचें मागचें टोंक अंडीं सुरू होईपर्यंत बरेंचसें कूर्चेचेंच असतें. अशा कोंवळ्या हाडाखालीं रोज रात्रीं अंगठ्याएवढी जाड काठी आली तर सगळें ओझें एका रेघेवर येतें, व कांहीं महिन्यांत हाड वांकडें होण्याचा संभव असतो. कोंबडी कापतांना छातीचें हाड नागमोडी झालेलें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना मी काय म्हणतों तें कळेल. तळव्याचें दुखणें याहून लवकर दिसतें. दांडीच्या धारदार कडेनें किंवा फुटलेल्या बांबूच्या कुसळानें तळव्याला बारीक जखम होते. तींत घाणींतील जंतु शिरतात, तळवा सुजतो, मध्यें काळी खपली धरते, आणि कोंबडी एक पाय वर धरून उभी राहूं लागते. पुष्कळ ठिकाणीं ही लंगडी कोंबडी “म्हातारी झाली” म्हणून विकली जाते. ती म्हातारी नसते. तिची दांडी वाईट असते.

माझ्या मतें आपल्याकडील कोंबड्यांना २ इंच रुंद व दीड इंच जाड अशी लांकडाची रीप सर्वांत चांगली. ती रुंद बाजू वर करून बसवावी. वरच्या दोन्ही कडा रंध्यानें मोडून कानशीनें गोल कराव्या, आणि मग स्वतःचा तळहात दाबून एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवून पाहावा. हाताला जें टोंचेल, तें तिच्या पायालाहि टोंचेल. थंड देशांतील पुस्तकांत ४ इंच रुंद फळी सांगितलेली आढळते. त्याचें कारण असें कीं, तिकडे हिमानें कोंबडीचीं बोटें गोठून जातात, व रुंद फळीवर बसल्यास पोटाचीं पिसें बोटांवर पसरून त्यांचें रक्षण होतें. आपल्याकडे निफाडास पारा कधीं कधीं ५ अंशांच्याहि खालीं उतरतो, परंतु ती थंडी बोटें झडण्याची नव्हे. पुस्तक कोणत्या हवेंत लिहिलें गेलें हें पाहिल्यावांचून त्यांतील माप उचलूं नये. आपला खरा शत्रु म्हणजे तापलेला पत्रा होय. दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या छपराखालीं हातभर अंतरावर बसलेली कोंबडी वैशाखांत रात्रींहि चोंच उघडून धापा टाकते. म्हणून दांडी व पत्रा यांमध्यें निदान २ फूट अंतर असावें, छपरावर पालापाचोळा किंवा उसाचें पाचट टाकावें, आणि वारा कोंबड्यांच्या डोक्यावरून जाईल अशी जाळीची पट्टी भिंतीच्या वरच्या अंगाला ठेवावी.

लांकूड कोणतेंहि चालेल. सागच हवा असें नाहीं. फांदी वापरावयाची असल्यास तिची साल पूर्ण काढावी, कारण सालीखालीं किडे लपतात. बांबू स्वस्त आहे, पण तो गुळगुळीत असतो, लवकर चिरतो, व त्याच्या पोकळ टोंकांत किड्यांचें गांवच वसतें. बांबूच वापरणें भाग पडल्यास जाड निवडावा, व दोन्हीं टोंकें पेऱ्याशींच कापावीं म्हणजे पोकळी उघडी राहत नाहीं. लोखंडी किंवा प्लास्टिकची नळी धुण्यास सोपी खरी. परंतु तीवरून पाय घसरतो, आणि घसरूं नये म्हणून कोंबडी रात्रभर अंग आंवळून बसते. तेव्हां ती नकोच.

उंचीच्या बाबतींत कोंबड्यांच्या स्वभावाकडे लक्ष दिलें पाहिजे. नॉर्वेतील शेल्डरुप-एब्बे यानें लहानपणापासून कोंबड्यांचें निरीक्षण करून १९२१ च्या सुमारास असें दाखविलें कीं, प्रत्येक कळपांत टोंचण्याचा एक ठरलेला क्रम असतो. पहिली सर्वांना टोंचते, दुसरी पहिलीवांचून इतरांना, आणि शेवटची कोणालाच नाहीं. शिडीसारख्या चढत्या दांड्या केल्या म्हणजे सर्वांत वरच्या दांडीसाठीं रोज संध्याकाळीं भांडण होतें. ज्या हरतात त्या खालच्या दांडीवर बसतात, आणि वरच्यांची विष्ठा त्यांच्या पाठीवर पडते. सर्व दांड्या एकाच उंचीवर ठेवल्या कीं हा तंटा बराचसा मिटतो. अंडीं घालण्याचीं खोकीं मात्र दांडीहून खालीं असावीं. खोकें उंच आणि दांडी खालीं असेल, तर कोंबड्या रात्रीं खोक्यांतच झोपणार, आणि सकाळीं अंडें मळलेलें मिळणार. गिरिराज, वनराज अशा अंगानें भारी कोंबड्यांना दांडी २० इंचांहून उंच देऊं नये. कारण चढणें त्यांना कसेंबसें जमतें, पण उतरतांना त्या धपकन् पडतात व पाय किंवा छातीचें हाड दुखावून घेतात. देशी कोंबडी ३ फुटांवर सहज जाते. दोन्ही जाती एकत्र असल्यास भारी कोंबडीचें माप धरावें.

आतां जागेचा हिशेब. युरोपांतील राष्ट्रांच्या संघानें १९९९ सालीं जे नियम केले, व ज्यांतील नुसत्या तारेच्या पिंजऱ्यांची बंदी २०१२ च्या जानेवारीपासून पूर्णपणें अमलांत आली, त्यांत दर कोंबडीस निदान १५ सेंटिमीटर दांडी, दोन दांड्यांत ३० सेंटिमीटर व दांडी आणि भिंत यांमध्यें २० सेंटिमीटर अंतर सांगितलें आहे. दांडीला धारदार कडा असूं नये, असेंहि कलम आहे. १५ सेंटिमीटर म्हणजे सुमारें ६ इंच. हें कमींत कमी माप होय. आपल्या उन्हाळ्यांत कोंबड्या एकमेकींपासून अंग सोडवून बसूं पाहतात, म्हणून दर कोंबडीस ९ ते १० इंच धरावे. समजा, खुराडें ६ फूट लांब व ४ फूट खोल आहे आणि कोंबड्या १२ आहेत. प्रत्येकी १० इंच म्हणजे १२० इंच, अर्थात् १० फूट दांडी पाहिजे. ५ फुटांच्या दोन दांड्या केल्या कीं काम झालें. आणि लांबी ६ फूट असल्यामुळें दोन्हीं टोंकांशीं ६-६ इंच मोकळे राहतात. मागची दांडी भिंतीपासून १२ इंचांवर, पुढची तिच्यापासून १४ इंचांवर. म्हणजे पुढें उतरण्यास २२ इंच जागा उरते. दांडीची उंची २० इंच असल्यास पुढें तेवढी तरी मोकळी जमीन हवीच.

टोंकांशीं ६ इंच मोकळे कां ठेवावयाचे, हा या लेखांतील मुख्य मुद्दा आहे. बहुतेक ठिकाणीं दांडी भिंतींत खोबणी करून घुसवितात किंवा खांबाला खिळ्यांनीं ठोकतात. दिसावयास तें काम मजबूत दिसतें. परंतु ठोकलेली दांडी बाहेर काढतां येत नाहीं. बाहेर काढतां येत नाहीं म्हणून ती धुतली जात नाहीं. आणि दांडीचें टोंक जेथें भिंतीला भिडतें, त्या फटींतच संकट घर करून राहतें.

आमच्या नववीच्या वर्गांतील एका मुलाच्या घरीं हें मीं पाहिलें. त्याची आजी १४ कोंबड्या बाळगून होती व अंडीं विकून नातवाच्या वह्यापुस्तकांचा खर्च चालवीत असे. पावसाळा संपतांसंपतां अंडीं निम्म्याहून कमी झालीं, तुरे फिके पडले, आणि दोन कोंबड्या दांडीखालीं मरून पडलेल्या आढळल्या. “मास्तर, दिवसां बघा कशा चरतात! रात्रींतून त्यांचं रक्त कोण पितं कुणास ठाऊक. नजर लागली म्हणायची,” असें ती म्हणाली. रक्त कोणी पितें, हें तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. रात्रीं नऊच्या सुमारास आम्हीं बॅटरी घेऊन खुराड्यांत गेलों आणि दांडीच्या खालच्या अंगावरून पांढरा कागद ओढला. कागदावर तांबड्या रेघा उमटल्या. त्या रक्त पिऊन फुगलेल्या किड्यांच्या होत्या. दुसऱ्या दिवशीं पहारीनें दांडी उखडली, तेव्हां भिंतीच्या खोबणींत राखेसारखा थर दिसला. तो हलत होता.

या किड्याला कोंबड्यांचा तांबडा माइट म्हणतात. तो एका मिलिमीटरहून मोठा नसतो. उपाशी असतां करडा व रक्त प्याल्यावर तांबडा दिसतो. दिवसां तो कोंबडीच्या अंगावर राहत नाहीं; म्हणून दिवसां पिसें उलगडून पाहणाराला कांहींच सांपडत नाहीं. अंधार पडल्यावर तो फटींतून निघतो, रक्त पितो आणि परत फटींत जातो. उष्ण हवेंत अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास त्याला आठवडा-दीड आठवडा पुरतो, आणि अन्नावांचून तो कित्येक महिने जगूं शकतो. कोंबड्यांची गोचीडहि अशीच निशाचर आहे. ती मसुरीच्या दाण्याएवढी व चपटी असते, आणि तिच्या चावण्यानें एक प्रकारचा ताप पसरतो, ज्यांत विष्ठा हिरवी होते व कोंबडी दोन-चार दिवसांत दगावते. अशा तापावर घरगुती उपाय करीत बसूं नये, पशुवैद्याकडे जावें.

आजीबाईंच्या खुराड्याकरितां मुलांनीं सुतारकामाच्या तासाला एक घोडी तयार केली. दोन बाजूंना दोन मजबूत पाय-जोड्या, त्यांवर आडव्या पट्ट्या, आणि पट्ट्यांत दीड इंच खोल खाचा. दांडी त्या खाचेंत नुसती वरून ठेवावयाची. खिळा नाहीं, स्क्रू नाहीं. खांच दांडीपेक्षां दोन सूत रुंद ठेवली, म्हणजे पावसाळ्यांत लांकूड फुगलें तरी अडकत नाहीं. घोडी चारी बाजूंनीं भिंतीपासून सुटी राहते. मुंग्या लागूं नयेत म्हणून स्वयंपाकघरांतील कपाटाच्या पायांखालीं आपण पाण्याच्या वाट्या ठेवतों, तीच युक्ति येथें केली: घोडीचा प्रत्येक पाय एका अरुंद, खोल डब्यांत उभा केला व डब्यांत तळाशीं वापरलेलें गोडें तेल ओतलें. भिंतींतील किड्यांना आतां कोंबड्यांपर्यंत येण्यास वाट उरली नाहीं. मात्र गवताची एक काडी जरी भिंतीपासून घोडीपर्यंत आडवी पडली, तरी तोच त्यांचा पूल होतो; हें रोज पाहावें लागतें. जुन्या खोबण्यांत उकळतें पाणी ओतून त्या मातीनें लिंपून टाकल्या आणि भिंतींना चुना दिला. त्या घरीं पुढें महिन्याभरांत तुरे लाल झाले व अंडीं पुन्हां येऊं लागलीं. मेलेल्या दोन कोंबड्यांचा तोटा मात्र भरून निघण्यास दुसरा पावसाळा उजाडला.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षां बाजारांतली कीटकनाशक पूड कां मारूं नये? २०१७ सालीं युरोपांत याच तांबड्या माइटसाठीं कोंबड्यांच्या घरांत फिप्रोनिल नांवाचें विष गैररीतीनें वापरलें गेलें. तें अंड्यांत उतरलेलें आढळल्यामुळें नेदरलंड्स, बेल्जियम वगैरे देशांत लाखों अंडीं फेकून द्यावीं लागलीं. मुंग्या-ढेकणांची पूड खुराड्यांत उधळणें म्हणजे तीच गोष्ट लहान प्रमाणांत आपल्या ताटांत करणें होय. पशुवैद्यानें औषध दिलेंच, तर अंडीं किती दिवस खावयाचीं नाहींत हें विचारून घ्यावें. घरच्या घरीं ऊन आणि उकळतें पाणी यांसारखें दुसरें औषध नाहीं.

दांडीखालची व्यवस्था हा दुसरा अर्धा भाग. कोंबडी रात्रीं जेथें बसते तेथेंच तिच्या विष्ठेचा मोठा वांटा पडतो. तेव्हां ती एकाच जागीं धरतां आली तर बाकीचें खुराडें आपोआप कोरडें राहतें. १५ किलोच्या तेलाचे रिकामे डबे उघडून, पत्रा सपाट करून व कडा आंत दुमडून उथळ ट्रे होतात. असे दोन मोठे ट्रे घोडीच्या पायांमध्यें जमिनीवर सरकवावे, त्यांत बोटभर कोरडी माती पसरावी, आणि वर तारेची जाळी ठेवावी म्हणजे कोंबड्यांचे पाय विष्ठेला लागत नाहींत. एकच लांबरुंद ट्रे करूं नये. तो भरल्यावर लहान मुलाला उचलत नाहीं, आणि जें उचलत नाहीं तें उद्यांवर जातें.

रोजच्या रोज कां काढावयाचें, याला कारण आहे. कोंबड्यांच्या, विशेषतः लहान पिलांच्या, आंतड्यांत रक्तीहगवण उत्पन्न करणारा कॉक्सिडिया नांवाचा सूक्ष्म जीव आहे. त्याचे बीजकोश विष्ठेंतून बाहेर पडतात तेव्हां ते लगेच रोग देण्यास समर्थ नसतात. ओल व ऊब मिळाल्यास साधारणतः एक-दोन दिवसांत ते पिकतात, व मग पोटांत गेले तर बाधतात. रोज सकाळीं ट्रे रिकामा करणारा मुलगा या रोगाला पिकण्यापूर्वींच घराबाहेर काढतो. आठवड्यानें एकदां खसाखसा घासणारा तें करूं शकत नाहीं, मग तो कितीहि मेहनती असो.

दुसरें कारण वासाचें. कोंबडीला वेगळें मूत्र नसतें. विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजे तिचें मूत्राम्ल. ओलींत जंतूंच्या योगानें त्याचा अमोनिया होतो. हवेच्या दशलक्ष भागांत अमोनिया २५ भागांहून अधिक होऊं देऊं नये, असा कुक्कुटपालनांतला सामान्य दंडक आहे. त्यानें डोळे चुरचुरतात व श्वासनलिकेचें आंतलें अस्तर बिघडून सर्दीखोकल्याला दार उघडतें. घरीं मोजमापाचें यंत्र नसतें, पण नाक असतें. पहाटे दार उघडण्यापूर्वीं आंत वांकून दांडीच्या उंचीवर श्वास घ्यावा. नाकाला झोंबलें तर कोंबडीनें तें रात्रभर सोसलें आहे. येथें एका प्रचलित चालीविषयीं सांगणें जरूर आहे. वास मारण्यासाठीं ओल्या विष्ठेवर चुना किंवा चुलीची राख टाकतात. रसायनाच्या तासाला नवसागर व चुना एकत्र चोळल्यावर काय होतें, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. चुना व राख दोन्हीं अल्कधर्मी असल्यामुळें अमोनिया उलट लवकर सुटतो. चुना भिंतीला द्यावा, राख कोंबड्यांच्या धुळीच्या न्हाणींत टाकावी. ट्रेमध्यें कोरडी मातीच बरी.

ट्रे रिकामा करण्यापूर्वीं क्षणभर त्याकडे पाहण्याची संवय लावावी. निरोगी विष्ठा घट्ट, करडी-तपकिरी व वर पांढरी टोपी असलेली असते. मधूनमधून काळसर, चिकट व दुर्गंधि असा ढीग दिसतो, त्यानें घाबरूं नये. तो आंधळ्या आंतड्यांतील असतो. रक्त, गर्द हिरवा रंग किंवा नुसतें पाणी दिसल्यास, ज्या जागेखालीं तें पडलें तेथें रात्रीं कोण बसते हें पाहून ती कोंबडी वेगळी काढावी. कोंबड्या बहुधा आपली जागा बदलीत नाहींत, ही मोठी सोय आहे. हें काम करतांना नाकाला फडकें बांधावें, नंतर साबणानें हात धुवावे, व रांगणारीं मुलें जवळ येऊं देऊं नयेत. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांत प्रथमच पक्षीतापाची सांथ आढळली, हें पालकांना आठवत असेल. एकाएकीं अनेक कोंबड्या मेल्या तर त्यांना हात न लावतां पशुवैद्यकीय दवाखान्यांत वर्दी द्यावी.

आठवड्यांतून एकदां, बहुधा रविवारीं दुपारीं, दांड्या खाचांतून उचलून अंगणांत उन्हांत टाकाव्या व दोन-तीनदां फिरवाव्या. पावसाळ्यांत ऊन नसतें तेव्हां टोंकांवर व खाचांवर उकळतें पाणी ओतावें. हें काम मोठ्यांनीं करावें. वाळल्यावर टोंकांना कडुलिंबाचें तेल चोळावें. महिन्यांतून एका रात्रीं पांढऱ्या कागदाची परीक्षा घ्यावी.

नवी घोडी ठेवल्यावर पहिल्या दोन-तीन रात्रीं कोंबड्या गोंधळतात, जुन्याच कोपऱ्यांत दाटी करतात. त्यांना ओरडून हांकूं नये. पुरता अंधार झाल्यावर एकेकीला दोन्हीं हातांत अलगद उचलून दांडीवर ठेवावें. अंधारांत ती खालीं उतरत नाहीं. तीन-चार दिवसांत त्या आपण होऊन चढूं लागतात. पिलें तीन-चार आठवड्यांचीं झालीं कीं त्यांच्यासाठीं जमिनीपासून वीतभर उंचीवर एक लहान रीप ठेवावी. ट्रेमधील माती व विष्ठा ताजी असतां झाडांना घालूं नये; तिच्यांतील नत्र शेणखताहून पुष्कळ तीव्र असल्यानें मुळें जळतात. परसाच्या कडेला पालापाचोळ्याबरोबर तिचा ढीग करून तो झांकावा, अधूनमधून परतावा, आणि वास जाऊन ती काळी भुसभुशीत झाली म्हणजे शेवग्याच्या किंवा लिंबाच्या आळ्यांत, खोडापासून हातभर दूर, घालावी.